रक्तांतील विळा आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ति



आषाढांत पाऊस स्थिरावला म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील बांध्यांतून धानाच्या रोवणीस आरंभ होतो. घरांतील लहानथोर सारीं माणसें गुडघाभर चिखलांत उभीं असतात. अशा वेळीं एखादा मुलगा मात्र धुऱ्यावर पाय पोटाशीं घेऊन बसलेला दृष्टीस पडतो. त्याचे सांधे ठणकत असतात, डोळे पिवळसर दिसतात, थोड्याशा श्रमानें त्यास धाप लागते. पूर्वीं लोक त्यास आळशी म्हणत. कोणी करणी झाली असेंहि म्हणत. आज आपणांस ठाऊक आहे कीं, त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकून वेदना उत्पन्न करतात. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही वांकडी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. या विकारास सिकलसेल असें म्हणतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यांत तो पुष्कळ आढळतो.

प्रस्तुत लेखांत या रोगाच्या निमित्तानें दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. पहिली ही कीं, या रोगाचें मूळ व त्यावरील उपाय शोधतां शोधतां शास्त्रज्ञ पेशीच्या अगदीं गाभ्यापर्यंत, म्हणजे जनुकांपर्यंत व तीं ज्यांत गुंडाळलेलीं असतात त्या क्रोमॅटिनपर्यंत, कसे पोंचले. दुसरी ही कीं, त्या वाटेवर चालणारे पाय बहुधा विद्यार्थ्यांचे होते. आणि त्या विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था अनिश्चित राहिली तर ती वाट मध्येंच खुंटते.

इ. स. १९०४ च्या अखेरीस अमेरिकेंतील शिकागो शहरीं वॉल्टर क्लेमंट नोएल नांवाचा एक तरुण आजारी होऊन रुग्णालयांत आला. तो ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठीं तेथें गेला होता. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याचें काम अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरकडे होतें. त्यास कांहीं चमत्कारिक लांबट पेशी दिसल्या, व त्यानें त्या आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांना दाखविल्या. हेरिक यांनीं १९१० सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १९४९ सालीं लायनस पॉलिंग यांच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत हार्वे इटानो या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यानें रोगी माणसाच्या रक्तांतील हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रांत ठेवून पाहिलें, तों तें निरोगी हिमोग्लोबिनाहून निराळ्या रीतीनें सरकलें. रोगाचें कारण एका रेणूंत सांपडूं शकतें, हें जगास प्रथमच कळलें. हा इटानो जपानी वंशाचा होता. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें तेथील जपानी वंशाच्या नागरिकांस ज्या छावण्यांत डांबिलें, त्यांपैकीं एका छावणींतून तो वैद्यक शिकण्यासाठीं बाहेर पडला होता.

१९५६ व १९५७ या वर्षीं केंब्रिज येथें व्हर्नन इनग्रॅम यांनीं दोष नेमका कोठें आहे तें दाखविलें. हिमोग्लोबिनच्या एका सांखळींत १४६ दुवे असतात. त्यांतील सहावा दुवा तेवढा बदललेला असतो. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत एक अक्षर चुकलें कीं एवढा अनर्थ होतो. भारतांत हा विकार प्रथम १९५२ सालीं निलगिरी पर्वतांतील आदिवासींमध्यें नोंदला गेला. आणि आपल्या मध्य भारतांतील त्याचा अस्तित्वाविषयीं नागपूर येथील शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनीं १९५८ सालीं लिहिलें.

हें जनुक आपणांस आईकडून एक व बापाकडून एक असें मिळतें. एकाच बाजूनें सदोष जनुक आलें तर माणूस वाहक होतो. त्यास बहुधा कांहींच त्रास होत नाहीं. दोन्ही बाजूंनीं आलें तर रोग होतो. आईबाप दोघेहि वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतींत रोगाची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, व पूर्ण मुक्त असण्याची चारांत एक असते. यांत कोणाच्या पापाचा, जातीचा अथवा कुलाचा कांहींएक दोष नाहीं. अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ सालीं दाखविलें कीं, वाहक माणसास हिवतापाच्या प्राणघातक स्वरूपापासून संरक्षण मिळतें. जंगलांचा व तलावांचा आपला मुलूख हिवतापाचा. म्हणून येथें हें जनुक टिकून राहिलें. ज्यानें पूर्वजांना तारिलें, तेंच दुप्पट झालें म्हणजे नातवंडांना मारतें.

आतां एक कोडें पाहूं. सदोष जनुक तर मुलाच्या अंगांत जन्मापासून असतें. मग नवजात बालक निरोगी कसें दिसतें? रोगाचीं लक्षणें पहिले कांहीं महिने लोटल्यावरच कां प्रकट होतात? न्यूयॉर्क येथील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनीं १९४८ सालीं याचें उत्तर सुचविलें. गर्भांत असतांना मुलाच्या रक्तांत एक निराळें हिमोग्लोबिन असतें. तें निराळ्या जनुकापासून बनतें व पेशीस वांकूं देत नाहीं. जन्मानंतर तें जनुक हळूहळू मिटतें आणि दुसरें, सदोष जनुक कामास लागतें. अर्थात् मिटलेलें जनुक पुनः उघडतां आलें तर रोग शमला पाहिजे. परंतु जनुक उघडतें व मिटतें म्हणजे काय होतें? येथें क्रोमॅटिनचा संबंध येतो.

आपल्याकडील ऐन व अर्जुनाच्या झाडांवरचे टसराचे कोसे आपण पाहिले असतील. मुठींत मावणाऱ्या एका कोशांतून कित्येक शें मीटर लांबीचा धागा निघतो. पेशींतील व्यवस्था याहूनहि आश्चर्यकारक आहे. मनुष्याच्या एका पेशींतील डीएनएचे सर्व धागे एकापुढें एक सरळ मांडले तर त्यांची लांबी सुमारें दोन मीटर भरेल. आणि ज्या केंद्रकांत ते राहतात त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि कमी असतो. हे धागे कोंबलेले नसून गुंडाळलेले असतात. हिस्टोन नांवाचीं आठ प्रथिनें मिळून एक गोलक होतो, व धाग्यावरील १४७ अक्षरें त्या गोलकाभोंवतीं दोनांहून थोडे कमी वेढे घेतात. त्यापुढें दुसरा गोलक, मग तिसरा, अशी ही लक्षावधि मण्यांची माळ असते. या माळेस तिच्यावरील इतर प्रथिनांसह क्रोमॅटिन म्हणतात. हें नांव वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानें १८८० च्या सुमारास दिलें. पण माळेची ही घडण रॉजर कोर्नबर्ग यांनीं १९७४ सालीं उलगडून दाखविली.

ही माळ सर्वत्र सारखी घट्ट नसते. जेथें ती सैल असते तेथील जनुकें वाचलीं जातात. जेथें घट्ट असते तेथील जनुकें मूक राहतात. आपल्या गांवांतील जुना मालगुजारी तलाव डोळ्यांसमोर आणा. तलावांतील पाणी एकच. परंतु ज्या मोरीचें तोंड उघडें असेल तिच्याच खालच्या बांधीस तें पोंचतें. त्याचप्रमाणें आपल्या सर्व पेशींतील अक्षरें बहुतेक एकच असतात. पण यकृताच्या पेशींत एक मोरी उघडी, मेंदूच्या पेशींत दुसरी, आणि रक्त बनविणाऱ्या पेशींत तिसरी. मानवी जनुकसंचाचीं सुमारें ३ अब्ज अक्षरें वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ सालीं पुरा झाल्याचें जाहीर झालें, व राहिलेल्या फटी २०२२ सालीं भरून निघाल्या. त्यांत प्रथिनें बनविणारीं जनुकें सुमारें २०,००० भरलीं. तलावांत पाणी किती आहे तें जनुकसंचशास्त्रानें सांगितलें. कोणती मोरी केव्हां उघडते हें क्रोमॅटिनच्या अभ्यासावांचून कळत नाहीं.

गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिनची मोरी बंद कोण करतें, या प्रश्नाचें उत्तर २००८ सालीं मिळालें. हजारों माणसांचे जनुकसंच ताडून पाहतांना बीसीएल-११-ए नांवाच्या जनुकाकडे बोट वळलें होतें. त्याच वर्षीं हार्वर्ड येथील स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेंतून विजय शंकरन् या तरुणानें प्रयोगानें दाखविलें कीं, या जनुकापासून बनणारें प्रथिनच ती मोरी मिटवितें. शंकरन् यानें आपलें पीएच.डी.चें अध्ययन याच प्रयोगशाळेंत केलें होतें. पण हें प्रथिन शरीरांत इतर ठिकाणींहि आवश्यक आहे. तें समूळ नाहींसें करणें धोक्याचें. २०१३ सालीं डॅनिएल बाउअर व त्यांच्या सहकाऱ्यांना, तांबड्या पेशी बनविणाऱ्या पेशींतच सैल असलेला क्रोमॅटिनचा एक लहानसा भाग सांपडला. तेवढाच बिघडविला म्हणजे रक्तापुरतें हें प्रथिन कमी होतें व बाकीचें शरीर सुरक्षित राहतें.

या ज्ञानावर आधारलेला उपचार २०१९ सालीं अमेरिकेंत पहिल्या सिकलसेलच्या रुग्णास दिला गेला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटननें व डिसेंबरांत अमेरिकेनें त्यास मान्यता दिली. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी काढून, त्यांतील तो भाग कापून, त्या पुनः शरीरांत घालतात. मान्यतेच्या वेळीं ज्यांची तपासणी पूर्ण झाली होती अशा ३१ रुग्णांपैकीं २९ जणांस निदान बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नव्हता. मात्र त्यासाठीं आधीं अस्थिमज्जा नष्ट करणारीं जहाल औषधें घ्यावीं लागतात. आणि अमेरिकेंत या उपचाराची किंमत २२ लक्ष डॉलर ठरली. भारतांत दिल्लीच्या एका सरकारी संशोधनसंस्थेनें अशाच तऱ्हेचा स्वदेशी उपचार विकसित केल्याचें व तो पुढील कामासाठीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोंपविल्याचें २०२५ च्या नोव्हेंबरांत जाहीर झालें. बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ त्यास बिरसा हें नांव दिलें आहे. तो आपल्या गांवीं पोंचेपर्यंत आपणांस हायड्रॉक्सीयुरिया या स्वस्त गोळीचाच मोठा आधार आहे. ही गोळी मूळची कर्करोगावरची. तिच्या योगें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन वाढतें हें ध्यानांत आलें, आणि १९९५ सालीं मोठ्या प्रमाणावर घेतलेल्या परीक्षेंत तिनें वेदनेचे झटके कमी होतात असें सिद्ध झालें. म्हणजे धुऱ्यावर बसलेल्या त्या मुलास मिळणारी गोळीहि वॉटसन बाईंनीं १९४८ सालीं पाहिलेल्या बालकांच्या रक्ताचें फळ आहे.

आतां दुसऱ्या गोष्टीकडे वळूं. आयर्न्स हा शिकाऊ डॉक्टर. इटानो हा विद्यार्थी. शंकरन् हा नुकताच पीएच.डी. झालेला. मोठ्या नांवांच्या छायेंत हीं माणसें दिसत नाहींत, पण प्रयोगशाळेंत रात्रीं जागणारे, पेशींना वेळेवर अन्नद्रव घालणारे, शंभरदां चुकून एकशें-एकाव्या वेळीं बरोबर करणारे हात बहुधा यांचेच असतात. पुण्यांत क्रोमॅटिनचा अभ्यास करणारे संजीव गलांडे आणि मुंबईंत मेंदूच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्या शुभा टोळे या दोघांना २०१० सालचें जीवशास्त्राचें भटनागर पारितोषिक मिळालें. त्यांच्या प्रयोगशाळाहि अशाच विद्यार्थ्यांच्या बळावर चालल्या. आपल्या शेजारीं चंद्रपूर येथें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचें रक्तविकारांविषयींचें केंद्र आहे. तेथें उद्यां काम करणारे विद्यार्थी आज आपल्याच शाळांच्या बांकांवर बसलेले असतील.

अशा विद्यार्थ्यास आपल्या देशांत अधिछात्रवृत्ति मिळते. ती नोकरी नव्हे, आणि भिक्षाहि नव्हे. पांच वर्षें दुसरें कांहीं न करतां शोध करावा म्हणून समाजानें दिलेलें तें अन्न होय. केंद्र सरकारची ही रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये अशी आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीं दरवर्षीं ७५० निराळ्या अधिछात्रवृत्त्या आहेत. रक्कम अगदींच अपुरी नाहीं. अडचण तिच्या अनिश्चिततेची आहे. २०२४ व २०२५ या काळांत केंद्राच्या इन्स्पायर योजनेंतील कित्येक संशोधकांना महिनेच्या महिने पैसे न मिळाल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या. २०२३ सालीं पुण्याच्या बार्टी या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीसाठीं राज्यांतील संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानांत कित्येक आठवडे धरणें धरून बसले होते.

ही स्थिति केवळ आपल्याकडेच आहे असेंहि नाहीं. २००९ सालीं केंद्रकांतील क्रोमॅटिनच्या घड्या मोजण्याची एक प्रसिद्ध पद्धति निघाली. तिच्या शोधांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे जोब डेकर यांचा मोठा वांटा होता, आणि त्या लेखावर पहिलें नांव असलेला एरेझ लिबरमन-एडन हा तेव्हां विद्यार्थीच होता. त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयानें २०२५ च्या मार्चांत, सरकारी अनुदानाचा भरंवसा न राहिल्यामुळें, पीएच.डी.साठीं देऊं केलेले प्रवेश मागें घेतले. परदेशीं जाऊन शिकूं म्हणणाऱ्या आपल्या मुलांनाहि ही वार्ता विचार करावयास लावणारी आहे.

पैसे आज न मिळाले तर उद्यां मिळतील, त्यांत एवढें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. त्यास शेतकऱ्याचा मुलगा सहज उत्तर देईल. पऱ्हे टाकल्यापासून ठराविक दिवसांत रोवणी झाली पाहिजे. मजुरीला पैसा नाहीं म्हणून रोवणी महिनाभर लांबली, तर पुढें पैसा आला तरी पऱ्हे म्हातारे झालेले असतात. गेलेला हंगाम पैशानें परत येत नाहीं. प्रयोगशाळेंतील पेशींचें असेंच आहे. विद्यार्थ्याच्या उमेदीच्या वर्षांचेंहि असेंच आहे. ज्याच्या घरीं जमीन, पगार अथवा शिल्लक आहे तो सहा महिने कर्जावर काढील. ज्याची आई दुसऱ्याच्या बांधींत रोवणीस जाते तो मुलगा प्रयोग टाकून पहिली मिळेल ती नोकरी धरील. अशा रीतीनें ज्या घरांत हा रोग आहे, नेमक्या त्याच घरांतला शोधक गळून पडतो.

आणखी एक आक्षेप विचारांत घेण्यासारखा आहे. आपला जिल्हा गरीब. आधीं दवाखान्यांत गोळ्या व रक्त मिळूं दे, मग जनुकांच्या गोष्टी करा, असें कित्येक म्हणतात. त्यांत तथ्य आहे, आणि गोळ्यांच्या पैशांतून संशोधन करावें असें कोणीहि सुज्ञ मनुष्य म्हणणार नाहीं. सर्व संशोधन फळास येतें असेंहि नाहीं. पुष्कळसें बी खडकावर पडतें. परंतु कोणतें बी चांगल्या जमिनींत पडेल हें पेरणाऱ्यास आधीं ठाऊक नसतें. इटानो यानें केलेल्या प्रयोगांत औषधाचा थेंबहि नव्हता. तरी त्याच तत्त्वावरच्या परीक्षेनें आज जिल्ह्याच्या ठिकाणीं रोगी व वाहक यांतील भेद निश्चित होतो. शोधाचें फळ अनिश्चित असतें, हा सृष्टीचा नियम आहे. पण शोधकाच्या भाकरीची अनिश्चितता माणसांनीं निर्माण केलेली आहे, व ती माणसांना दूर करतां येते.

१ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची तपासणी करावी व २०४७ पर्यंत या रोगाचें निर्मूलन करावें असा त्याचा संकल्प आहे. त्यांत आपला वांटा सोपा आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानें आपलें रक्त तपासून घ्यावें. वाहक असल्याचें कळल्यास लाजूं नये, व दुसऱ्यास लाजवूं नये. विवाहाच्या वेळीं ही माहिती दोन्ही घरांनीं मोकळेपणानें एकमेकांस सांगावी. आणि ज्याच्या मनांत असे प्रश्न घोळतात त्यानें गरिबीस भिऊन विज्ञानाची वाट सोडूं नये. कोणत्या अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांच्या परीक्षा केव्हां असतात, हें आतांपासूनच विचारीत जावें.

शेवटीं ज्याच्या नियमानें आपण चारांत एक असा हिशेब मांडला त्या ग्रेगोर मेंडेलची गोष्ट सांगून लेख पुरा करतों. मेंडेल हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षण पैशांवांचून अडलें तेव्हां त्याची धाकटी बहीण तेरेझिया हिनें आपल्या लग्नासाठीं ठेविलेल्या रकमेंतील कांहीं भाग त्यास दिला. पुढें ब्रुन येथील ख्रिस्ती मठानें त्याच्या अन्नवस्त्राची चिंता वाहिली, आणि त्याच मठाच्या बागेंत त्यानें १८५६ पासून सुमारें आठ वर्षें वाटाण्याचीं रोपें निरखिलीं. त्याचा लेख १८६६ सालीं छापला गेला. जगानें त्याचें मोल १९०० सालीं ओळखिलें, तेव्हां त्यास मरून सोळा वर्षें झालीं होतीं. परंतु बहिणीचें ऋण तो विसरला नाहीं. तिच्या मुलांच्या शिक्षणास त्यानें साहाय्य केलें, व त्यांतील दोघे डॉक्टर झाले.